डॉक्टर म्हणाले ना!

आमच्या घरी देवघरात फोटो नव्हता, पण देवांच्या यादीत नाव होतं असे एक डॉक्टर होते. डोंबिवलीत स्टेशनपासून दहा मिनिटांवर, तळमजल्यावर दवाखाना. बाहेर चपलांचा ढीग, आत लाकडी बाकडी, खिडकीत कंपाउंडरकाका आणि त्यांची ती सुप्रसिद्ध गुलाबी औषधाची बाटली. डोस कळावा म्हणून कागदाची कापलेली पट्टी चिकटवलेली. त्या बाटलीत नेमकं काय असायचं, हे माझ्या बाबांनी पस्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही. मी लहानपणी विचारलं, तर उत्तर ठरलेलं. "डॉक्टर म्हणाले ना? मग झालं!"

मला या वाक्याचा जाम राग यायचा. अजूनही येतो. पण गेल्या वर्षापासून तो राग पूर्वीइतका साधा राहिलेला नाही, आणि आजचा कॉलम त्याबद्दलच आहे.

सुरुवात माझ्या कमरेपासून करते. (आयटीत काम करणाऱ्या कुठल्याही माणसाची गोष्ट शेवटी कमरेपाशीच येते!) तीन वर्षांपूर्वी एका सोमवारी ऐरोलीच्या ऑफिसात खुर्चीवरून उठले आणि डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत करंट गेला. दोन दिवस पेनकिलर, तीन दिवस वर्क फ्रॉम होम, मग एमआरआय. रिपोर्टमध्ये भीतिदायक इंग्रजीत डिस्क बाहेर आल्याचं आणि नस दाबली गेल्याचं लिहिलेलं. एका चकचकीत हॉस्पिटलात, जिथे रिसेप्शनला कॉफी मिळते, तिथल्या सर्जननी फिल्म उजेडाला धरली. माझ्याकडे पाहिलं ते त्यानंतर. "करून टाकू पुढच्या आठवड्यात. कंपनीचा मेडिक्लेम आहे ना?"

सगळं मिळून चार मिनिटं. त्यांनी मला झोपवून पाय उचलून बघितला नाही, की कधीपासून दुखतंय हेही विचारलं नाही. मेडिक्लेमचं मात्र आठवणीने विचारलं.

मी घाबरले आणि घाबरलेली मराठी मुलगी जे करते ते केलं. आत्याला फोन. आत्याच्या ओळखीने परळच्या महापालिकेच्या हॉस्पिटलात एका सर्जनची ओपीडी गाठली. अडीच तास रांग, केसपेपर, पंख्याखाली जागेसाठी मारामारी. पण आत गेल्यावर त्या माणसाने एमआरआयच्या पाकिटाला हातही लावला नाही. आधी मला टाचांवर चालवलं, मग चवड्यांवर. गुडघ्यावर हातोडी मारली. पायाचा अंगठा वर दाबून धरायला सांगितला आणि स्वतः खाली ढकलून पाहिला. लघवीला काही त्रास? बसायच्या जागी बधीरपणा? नाही. मग फिल्म पाहिली आणि म्हणाले, "सहा आठवडे थांबू. बहुतेकांची डिस्क आपोआप शांत होते. पण पाय लुळा पडायला लागला किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर त्या रात्रीच यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी नाही, त्या रात्रीच."

दोन महिन्यांत मी परत ८.०३ची लोकल पकडत होते.

त्या दोन महिन्यांत पलंगावर पडल्या पडल्या मी जे वाचलं, त्याने डोकंच फिरलं. १९९४ साली अमेरिकेत एक अभ्यास झाला होता. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा ९८ जणांचे एमआरआय काढले. सगळ्या डिस्क ठीकठाक निघाल्या त्या फक्त ३६ टक्के लोकांच्या! म्हणजे लोकलमध्ये आपल्या बाकावर बसलेल्या तिघांना उचलून मशिनमध्ये घातलं, तर दोघांच्या रिपोर्टमध्ये काही ना काही निघणार, आणि दोघंही मजेत शेंगदाणे खात असणार. दुसरा अभ्यास नेदरलँड्सचा, २००७चा. सायटिकाने बेजार झालेले २८३ पेशंट, निम्म्यांचं ऑपरेशन लवकर, निम्म्यांना आधी थांबवून ठेवलं. वर्षानंतर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे झाल्याचं सांगत होते. पण ऑपरेशनवाल्यांचं दुखणं लवकर थांबलं, आणि थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांना पुढे ऑपरेशन करावंच लागलं.

हा "पण" लक्षात ठेवा. मी तेव्हा ठेवला नाही. मला फक्त एवढंच दिसलं, की कॉफीवाल्या हॉस्पिटलने मला गंडवायला घेतलं होतं आणि मी वाचले. नीट पाहिलं तर त्या सर्जनचा सल्ला अगदी खोटाही नव्हता. ऑपरेशन केलं असतं तर कदाचित लवकर सुटले असते. त्यांनी दोन रस्ते आहेत हे सांगितलं नाही, ही त्यांची चूक.

तर मंडळी, त्यानंतर ऑफिसात माझी ओपीडी सुरू झाली. कोणाच्या सासूचा गुडघा, कोणाचा थायरॉइड, कोणाच्या बाळाला तिसऱ्यांदा अँटिबायोटिक. कॅन्टीनमध्ये ताट घेऊन लोक माझ्याच टेबलावर. "सेकंड ओपिनियन घे" हे मी "मीठ कमी आहे" इतक्या सहज म्हणायला लागले. दारूगोळाही भरपूर होता. कट प्रॅक्टिस आपल्याकडे काही गुपित नाही. २०१७ साली मुंबईतल्या एका हॉस्पिटलने चक्क होर्डिंग लावलं होतं, की आमच्याकडे प्रामाणिक सल्ला मिळतो, डॉक्टरांना कमिशन नाही. यावर डॉक्टरांच्या संघटनेने आक्षेप घेतला! त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा करायला समितीही नेमली. आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत केंद्राने स्टेंटच्या किमतींना लगाम घातला. लाखाच्या वर बिल लागणारा औषधी स्टेंट कर सोडून २९,६०० रुपयांवर आला. एका रात्रीत. मग आधीचे पैसे कुठे जात होते? असा प्रश्न पडलेल्या माणसाला डॉक्टरांवर विश्वास ठेवा म्हणून कसं सांगणार?

शिवाय आमच्या घरात एक जुनी गोष्ट होती, जिच्याबद्दल कोणी बोलत नसे. २००३ साली आईची पिशवी काढली. ती एकेचाळीस वर्षांची होती, मी अकरा. जास्त ब्लीडिंग व्हायचं एवढंच. गोळ्या देऊन बघितल्या नाहीत, की कुठली दुसरी तपासणी झाली नाही. "आता दोन मुलं झालीत, काय करायचीय ठेवून? उद्या कॅन्सर झाला म्हणजे?" असं कोणीतरी म्हणालं आणि बाबांनी फॉर्मवर सही केली. बाबांनी. डॉक्टर म्हणाले ना! त्यानंतर आईचं काय काय बदललं, हे मला कळायला पंधरा वर्षं लागली. २०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या बातम्या आल्या. सरकारी समितीने केलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींच्या पिशव्या काढलेल्या होत्या. तेव्हा आई टीव्हीसमोरून उठून आत गेली. पोळ्या लाटायला घेतल्या, संध्याकाळी साडेपाच वाजता.

आता बाबा.

बाबा ६७ वर्षांचे. रिटायर्ड, सडपातळ, रोज सकाळी चालणारे, सिगारेट वीस वर्षांपूर्वी सोडलेली. गेल्या वर्षी फेब्रुवारीत स्टेशनच्या पुलावर चढताना छातीवर दाब यायला लागला. थांबलं की जायचा. "गॅस असेल" म्हणून पंधरा दिवस ओवा खाणं चाललं. मग एका रात्री झोपेतून उठले. पूल नाही, जिना नाही, नुसते झोपलेले असताना दाब आला. सकाळी आमच्या त्या दवाखान्यात गेले. (देव रिटायर झालेत, आता त्यांचा मुलगा बसतो.) त्याने ईसीजी काढला आणि सरळ कार्डिओलॉजिस्टकडे पाठवलं. मी ऑफिसातून धावत पोचले तेव्हा शुक्रवारची संध्याकाळ झालेली.

कार्डिओलॉजिस्ट साधारण पन्नाशीचे, डोळे तांबारलेले. म्हणाले, "आजच अॅडमिट करा. उद्या अँजिओग्राफी, बहुतेक स्टेंट लागेल."

एवढंच. दोन वाक्यं. माझ्या डोक्यात लगेच घंटा वाजली, तीच ती, मेडिक्लेमवाली. आणि मी सुरू झाले. डॉक्टर, २००७चा तो अमेरिका-कॅनडाचा अभ्यास आहे ना, २,२८७ पेशंटचा? त्यात स्टेंट घातल्याने ना मृत्यू कमी झाले, ना हार्ट अटॅक. आणि २०२०चा ३७ देशांतला, ५,१७९ लोकांचा? त्यातही तेच. मग घाई कशाला? आम्ही सेकंड ओपिनियन घेऊ. दादरला मंगळवारची अपॉइंटमेंट मिळतेय.

मी एकही आकडा चुकीचा सांगितला नव्हता, हे आज लिहिताना जास्त लागतं.

बाबा म्हणाले, "अगं, डॉक्टर म्हणतायत ना." आई, जी कधीच बोलत नाही, ती म्हणाली, "नको. तिला बघू दे. मला नाही का तेव्हा..." वाक्य तिने पुरं केलं नाही. बाबा गप्प झाले. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, रक्त पातळ करायच्या गोळ्या लिहून दिल्या आणि केसपेपर फिरवून माझ्यापुढे केला. अॅडमिट होण्याचा सल्ला दिला, नातेवाइकांनी नकार दिला, असं काहीतरी. खाली सही. मी ऐटीत केली. आमच्या घरात प्रश्न विचारून झालेली ती पहिली सही, असं मला त्या क्षणी खरोखर वाटलं.

रविवारी पहाटे चार वाजता बाबांना अटॅक आला.

रिक्षा, सिग्नल, स्ट्रेचर हे सगळं सांगत बसत नाही. जवळचं हॉस्पिटल तेच होतं आणि झोपेतून उठून आले तेही तेच डॉक्टर. बंद पडलेली रक्तवाहिनी उघडली, स्टेंट घातला. बाबा आहेत. पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग गेला तो गेला. पंपिंग ३५ टक्के. आपलं साधारण पंचावन्न-साठच्या पुढे असतं. दुसऱ्या मजल्यावरच्या घरी येताना ते पहिल्या मजल्यावर थांबतात आणि कुलकर्ण्यांच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं करतात.

आयसीयूच्या बाहेर डॉक्टर मला भेटले. मी तयारीत होते, की आता हा माणूस बोलणार. "मी सांगितलं होतं" हे तीन शब्द त्यांच्या हक्काचे होते. त्यांनी ते म्हटले नाहीत. खिशातून कसलंसं रिकामं पाकीट काढलं आणि त्यावर नळी काढून दाखवली. तुम्ही सांगत होता ते दोन्ही अभ्यास स्टेबल पेशंटवरचे. म्हणजे आत चरबीचा थर साचलाय, पण वरचं कवच टणक आहे. चाललं की दुखतं, थांबलं की जातं, महिनोन् महिने तसंच. तिथे गोळ्यांवर थांबता येतं, मी स्वतः अशा पेशंटना थांबवतो. तुमच्या बाबांचं पंधरा दिवसांपूर्वी सुरू झालं, वाढत गेलं आणि झोपेत आलं. याचा अर्थ कवच फाटतंय आणि वर गुठळी धरतेय. हा आजार वेगळा. त्या अभ्यासांत हा पेशंट घेतलेलाच नाही.

मी म्हटलं, "हे शुक्रवारी का नाही सांगितलंत?"

"बाहेर चाळीस पेशंट होते." मग जरा थांबून, "आणि तुम्ही विचारलं नाहीत. तुम्ही सांगितलंत."

पुन्हा थांबून, "पण सांगायला हवं होतं मी. दोन मिनिटंच लागली असती."

तर हे असं आहे. माझा त्या माणसावर राग नाही असं म्हणत नाही. आहे, थोडा. सहीसाठी कागद पुढे करायला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात ते पाकिटावरचं चित्र काढून झालं असतं. ज्याला आपण ज्ञान म्हणतो ते हल्ली फोनवर मिळतं, आणि मिळावंच. पण कुठला अभ्यास समोर बसलेल्या या माणसाला लागू होतो आणि कुठला नाही, हे ओळखायला पुलावरचं दुखणं आणि अंथरुणातलं दुखणं यांतला फरक हाताखालून हजार वेळा गेलेला असावा लागतो. परळच्या डॉक्टरांनी फिल्मच्या आधी माझा अंगठा ढकलून पाहिला, तो याच कारणासाठी. मला त्यांचं कौतुक वाटलं, कारण त्यांचं उत्तर मला हवं होतं ते होतं. बाबांच्या डॉक्टरांनीही तेच केलं, नेमके प्रश्न विचारून दुखण्याची जात ओळखली. पण त्यांचं उत्तर मला नको होतं, म्हणून ते मला लुटारू दिसले.

परवा ऑफिसात एकीने विचारलं, की मग आता तू काय सांगतेस, सेकंड ओपिनियन घ्यायचं की नाही? घ्यायचं. तो आपला हक्क आहे, राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८च्या सनदेतही आहे, आणि भला डॉक्टर त्यावर रागावत नाही. फक्त त्याआधी पहिल्याच डॉक्टरला विचारायचं, की आज काहीच केलं नाही तर काय होईल, आणि किती दिवसांत? कमरेच्या वेळी याचं उत्तर होतं, बहुतेक बरं होईल, सहा आठवडे आहेत. बाबांच्या वेळी उत्तर होतं, दोन दिवसांतही अटॅक येऊ शकतो. मंगळवारची अपॉइंटमेंट तिथेच कॅन्सल झाली असती. आणि हो, या प्रश्नाला जो डॉक्टर "तुम्ही डॉक्टर की मी?" असं म्हणतो, त्याच्यावर मात्र माझा अजूनही काडीचा विश्वास नाही. घाई असेल तर घाईचं कारण सांगता आलं पाहिजे.

आंधळ्या विश्वासाचं दुसरं टोक काय असतं तेही आपण पाहिलंय. २०१७ मध्ये धुळ्याच्या सिव्हिलमध्ये नातेवाइकांनी एका निवासी डॉक्टरला डोळ्याला इजा होईपर्यंत मारलं, राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून उठले. त्या बातमीवर मी तेव्हा एक तोऱ्यातलं वाक्य बोलले होते. ते इथे लिहीत नाही.

आणि "देवमाणूस" हा शब्दही आता पहिल्यासारखा राहिला नाही म्हणा. २०२०च्या त्या मालिकेने बोगस डॉक्टरलाच ते नाव दिल्यापासून बाबासुद्धा जपून वापरतात.

महिन्यापूर्वी बाबांना फॉलोअपला नेलं. बाबांनी लाइटबिलाच्या मागे प्रश्न लिहून आणले होते! पस्तीस वर्षं गुलाबी बाटली न विचारता पिणारे माझे बाबा चष्मा सावरत विचारत होते, की ही रात्रीची गोळी किती दिवस, आणि बंद केली तर काय होतं. डॉक्टरांनी सगळ्यांची उत्तरं दिली. तिसऱ्या प्रश्नाला घड्याळ पाहिलं, पण दिलं. मी तोंड उघडलं नाही, शपथ.

उठायच्या वेळी आई म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू? माझं आहे. हृदयाचं नाही."

"विचारा ना काकू."

"बावीस वर्षांपूर्वी माझी पिशवी काढली. नुसतं जास्त जायचं म्हणून. तेव्हा काढायलाच हवी होती का?"

बाबा लाइटबिलाची घडी घालायला लागले. घडीवर घडी. मला माहीत होतं, की २००८ साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीच्या एका बाईच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय, पेशंट शुद्धीवर येऊन स्वतः ठरवू शकत असेल तर दुसऱ्या कोणाची, अगदी तिच्या आईचीही संमती चालत नाही. मला हेही माहीत होतं, की मागितल्यावर ७२ तासांत रेकॉर्ड द्यायचा नियम २००२ पासून आहे. पण मी गप्प बसले. प्रश्न तिचा होता.

"मी हार्टवाला माणूस, काकू," डॉक्टर म्हणाले. "पण एका चांगल्या बाईंचं नाव देतो, त्या नीट बघून सांगतील. तेव्हाचे पेपर्स आहेत? सोनोग्राफी, बायोप्सीचा रिपोर्ट?"

आईने पर्सची चेन उघडली, आत पाहिलं, परत लावली. "काही दिलंच नव्हतं हो," ती म्हणाली. "आणि आम्ही मागितलंही नाही."

डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं आणि चिठ्ठी बाबांच्या हातात न देता तिच्या हातात दिली. अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची आहे. मी सुट्टी टाकलीय, पण आई म्हणते, आत ती एकटीच जाणार.